शेऱ्याचा रकाना

चिलोए बेटाच्या पूर्वेला, फेरीबोटीच्या धक्क्यावर
कंपनीनं मला वही दिली:
वेळ, गाड्या, माणसं, जनावरं, आणि कडेला
चार बोटं रुंद एक रकाना. शेरा.

शेरा काय मारणार? इथं
धुकं नसेल तर पाऊस,
पाऊस नसेल तर दोन्ही.
पहिल्या दिवशी लिहिलं, धुकं.
दुसऱ्या दिवशी, वरीलप्रमाणे.
तिसऱ्या दिवशी काढला धक्क्यावरचा दोरखंड,
वेटोळं करून निजलेला, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा.
मग कुत्राच काढला. तो हलला नाही,
म्हणून जमला.

एकोणीस वर्षं झाली. कंपनी फक्त बेरजा बघते.

ज्याला काहीच येत नाही त्यानं बटाट्यापासून सुरुवात करावी.
आमच्याकडचे बटाटे जांभळे, काळे, आल्यासारखे वाकडे;
रेघ कितीही चुकली तरी
कुठल्या ना कुठल्या जातीत बसतेच.
काळ्या मानेचा हंस मात्र सतरा वेळा काढला,
सतराही वेळा मान म्हणजे नळ.

एक उन्हाळाभर माकीच्या फळांचा रस वापरला, शाई म्हणून.
काय जांभळा होता!
आता ती सगळी संध्याकाळ चहा सांडल्यासारखी दिसते,
आणि खाली माझ्याच अक्षरात: हे जांभळं होतं.

चुकाओ पक्षी कधी दिसत नाही, नुसता ओरडतो.
उजवीकडून ओरडला तर दिवस बरा, डावीकडून तर वाईट.
मी झुडूप काढतो आणि एक बाण.
एका पानावर बाण डावीकडून आहे.
त्या दिवशी काही झालं नाही.
गॅसचं सिलिंडर महागलं, तेवढंच.

चेहरे मला येत नाहीत.
म्हणून हात काढतो, टोप्या काढतो,
शिंपल्यांच्या पोत्याची गाठ,
मुलीच्या लोकरी मोज्याचं अंगठ्याजवळचं भोक.

मागच्या जुलैत, हाडं गोठवणाऱ्या सकाळी,
बाल्द्रामिना आली. तिकिटाच्या खिडकीवर न जाता थेट माझ्याकडे.
'ऐकलं, तू सगळ्यांना काढतोस.
माझा एर्मोहेनेस आहे का तुझ्याकडे?
घरी फोटो आहेत, पण लग्नातले.
त्यांत तो कोटासारखा दिसतो.'

आम्ही जुन्या वह्या काढल्या. दमट पानं
एकमेकांना सोडेनात.
हंस गेले, बटाटे गेले,
ती एकेक पान थुंकी लावून उलटत होती.

चौदा मार्च. सात वीस.
गाड्या तीन, माणसं अकरा, मेंढ्या दोन.
शेऱ्यात एक हात, मेंढीच्या कानामागे खाजवणारा.
करंगळी मी आधी बाहेर वळलेली काढली होती,
मग वाटलं, अशी कुठं असते करंगळी?
खोडून सरळ केली होती.
खोडलेली रेघ अजून दिसत होती, फिकट.

तिनं त्या रेघेवर नख ठेवलं.
'पहिली बरोबर होती,' म्हणाली.
'जाळ्यात अडकून मोडली होती. बसवून घेतली नाही.
हट्टी.'

मी पान फाडून द्यायला लागलो.
तिनं माझ्या मनगटावर चापट मारली:
'आणि त्या मेंढ्या? त्या कोण मोजणार मग?'
पिशवीतून पाव काढला, अर्धा मला दिला,
अर्धा स्वतः खाल्ला, वहीवर चुरा पाडत.
मार्चपासून पुढे सगळा मे महिना बघितला तिनं,
हंसांना हसली.

भोंगा झाला. ती तशीच बोटीत चढली,
पलीकडे बहिणीकडे जायचं होतं म्हणे.
तिकिटाचं मला सुचलं नाही.

मी वेळ लिहिली. गाड्या शून्य. माणसं सहा.
कडेला काढली तिची पाव मोडणारी बोटं,
पेन्सिल एकदाही न उचलता,
आणि खोडरबर खिशातच राहू दिला.

आठवड्यानं कंपनीचा निरोप आला:
माणसं सहा, तिकिटं पाच.
तफावतीचं कारण शेऱ्याच्या रकान्यात लिहावे.

रकान्यात जागा नव्हती.